जुन्या वळणाचे लग्न

गेल्या मार्गशीर्षात आमच्या वसाहतीतील एका स्नेह्यांच्या घरी लग्नाची तयारी चालली होती. स्नेही केंद्र सरकारच्या नोकरीत, निवृत्तीला दोन वर्षे उरलेली, आणि चाकरीच्या निमित्ताने सात गावांचे पाणी प्यालेले. मुलीने एकच हट्ट धरला होता : आपले लग्न पणजीच्या वेळेसारखे व्हावे. अंगणात मांडव, पळसाच्या पत्रावळी, नऊवारी लुगडे, सनई, आणि मुहूर्त पाहावयास घटिकापात्र. त्याबरोबर दुसरी अट अशी, की खर्च बेताचा असावा व वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नये. दोन्ही गोष्टी ऐकून आम्हांस संतोष वाटला. परंतु अशी लग्ने 'बसवून' देणाऱ्या एका कंत्राटदाराचे अंदाजपत्रक हाती आले, तेव्हा तो आकडा शहरातील साध्या कार्यालयातल्या लग्नाच्या दुपटीहून अधिक निघाला. पत्रावळी दूरच्या गावाहून यावयाच्या होत्या, सनईवाले विमानाने यावयाचे होते, आणि घटिकापात्राचे भाडे निराळे लावलेले होते.

स्नेही कागद खाली ठेवून म्हणाले, "अहो, आमचे पणजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. त्यांना हे परवडले कसे?"

प्रश्न साधा होता, पण आम्हांस त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. महाराष्ट्राबाहेर राहून मुलामुलींची लग्ने करण्याचा प्रसंग आमच्या बहुतेक वाचकांवर आलेला आहे किंवा येणार आहे. तेव्हा या प्रश्नाच्या निमित्ताने आपल्याकडील लग्नाच्या खर्चाचा आणि साधेपणाचा इतिहास थोडा चाळून पाहावा, असे आम्ही ठरविले.

पणजीचे लग्न एका दिवसाचे नव्हते. घाणा भरणे, मुहूर्तमेढ, देवक, हळद, सीमांतपूजन, गौरीहर, प्रत्यक्ष लग्न, मग व्याही भोजन, विहिणीची पंगत, झाल, वरात आणि सूनमुख असे चार-पाच दिवस ते चाले. इतके दिवस शेदोनशे माणसे जेवावयाची म्हणजे आजच्या हिशेबाने कोणाचेही दिवाळे निघेल. परंतु त्या काळी या खर्चाचा फार मोठा भाग रोख पैशांत होत नसे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. बलुत्याची पद्धत कशी चाले हे त्यावरून चांगले कळते. कुंभार मडकी देई, परीट पायघड्या घाली, गुरव पत्रावळी पुरवी, सुतार पाट-चौरंग नीट करून देई, न्हावी मांडवात पडेल ते काम करी. त्यांचे देणे वर्षाच्या सुगीला धान्यात चुकते होई व लग्नाच्या वेळी वर मानाचे काही मिळे. पापड, कुरडया, सांडगे, शेवया यांना आळीतल्या बायकांचे हात लागत, आणि हे ऋण त्यांच्या घरच्या कार्यात फेडावयाचे असे. केळवणे नातलग करीत. आहेर हाही एक प्रकारचा चालू खाताच होता. कोणी काय दिले याची यादी घरोघर जपून ठेवीत, आणि त्यांच्या घरी लग्न निघाले की ती काढून तितक्याच तोलाचा आहेर पाठवीत. थोडक्यात, कारकुनाच्या पदरचे रुपये थोडे खर्च होत, कारण सारे गाव त्या लग्नात श्रम घालीत असे.

येथवर ऐकून स्नेह्यांच्या मुलीचा चेहरा खुलला. परंतु इतिहास सांगावयाचा तर सगळाच सांगितला पाहिजे. त्या श्रमांत आपखुशी किती आणि सक्ती किती, हे ठरविणे कठीण आहे. ज्यांच्या हातांनी मांडव उभा राही, त्यांपैकी सर्वांना मांडवातल्या पंगतीत जागा नसे. काहींना तर मांडवाच्या बाहेर, सर्वांची जेवणे उरकल्यावर, उरलेले अन्न पदरात घ्यावे लागे. जन्माने नेमून दिलेल्या कामाला नकार देण्याची मोकळीक त्यांना नव्हती. त्या स्वस्ताईची काही किंमत अशी दुसऱ्यांनी मोजलेली होती, हे आपण विसरता कामा नये.

शिवाय रोख खर्चाचे प्रकरणही अगदीच लहान नव्हते. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या मंडळापुढे रयतेच्या कर्जाची कारणे आली, त्यांत लग्नकार्याचा खर्च हे एक होते. मंडळाचा अभिप्राय असा पडला, की या कारणाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. असे प्रसंग आयुष्यात थोडे येतात, आणि कर्जाची मुळे इतरत्रही शोधली पाहिजेत. हा निर्णय न्यायाचा होता असे आम्हांस वाटते, कारण 'रयत उधळी आहे' असे म्हणून साऱ्याचा दोष तिच्यावर ढकलणे सरकारास सोयीचे झाले असते. तथापि कुणब्याच्या ऐपतीच्या मानाने हा खर्च जड होता, हे मंडळालाही नाकारता आले नाही.

लग्नातील थाटाची परंपरा निराळ्याच घराण्यातली आहे. १७८३ साली पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांचे लग्न झाले. वर तेव्हा पुरता नऊ वर्षांचाही नव्हता. निजामाकडील मंडळी आली होती, सरदारांची रीघ लागली होती, आणि व्यवस्था नाना फडणिसांची. अशा समारंभाला राजकीय अर्थ असतो. नारायणरावांच्या खुनानंतर आणि इंग्रजांशी झालेल्या दीर्घ युद्धानंतर पुण्याची गादी स्थिर आहे, हे हिंदुस्थानाला दाखविण्याचा तो प्रसंग होता. पुढे इनामदार, सावकार आणि वकील यांनी आपापल्या ऐपतीने त्याची नक्कल केली, आणि त्यांची नक्कल इतरांनी. गादी कोणाचीच स्थिर करावयाची नव्हती, पण अंबारी, रोषणाई आणि दारूकाम यांची हौस मात्र उतरत्या पायऱ्यांनी खाली आली. आज जुन्या वळणाच्या नावाखाली जे विकले जाते, त्यांत पणजीच्या अंगणापेक्षा या दरबाराचा भाग अधिक असतो.

धर्मविधीची गोष्ट तर याहून वेगळी आहे. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात विवाहाचे सारे विधी सूत्रग्रंथांपासून तपासून पाहिले आहेत. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात विवाहाचा गाभा अगदी थोडक्यात येतो : पाणिग्रहण, अग्नीची प्रदक्षिणा, अश्मारोहण, लाजाहोम, सप्तपदी आणि रात्री ध्रुवाचे दर्शन. आरंभीच सूत्रकार सांगतो, की देशोदेशीचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे आहेत, विवाहात ते पाळावेत. आपण फक्त सर्वत्र समान असलेला भाग सांगत आहोत. जी गोष्ट आज आपण लग्नाचे हृदय मानतो ते मंगळसूत्र या सूत्रांत नाही. अंतरपाट आणि शार्दूलविक्रीडितातली मंगलाष्टके हीही नंतरच्या लोकाचाराची देणगी आहे. त्यामुळे त्यांची गोडी कमी होत नाही. एवढेच दिसते, की आपल्या वाडवडिलांनी लग्नात वेळोवेळी नव्या गोष्टी आणल्या आणि जुन्या सोडल्या, व तसे करण्यास शास्त्राची आडकाठी नव्हती. आपल्याकडे तर 'लग्न लागले' म्हणून पाहुणे अक्षता टाकून पानावर बसतात, आणि ज्या सप्तपदीने विवाह पूर्ण होतो ती पाहावयास घरची चार माणसेच उरतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण मानला आहे. त्याला लागणारे साहित्य म्हणजे अग्नी, लाह्या, एक सहाण आणि तांदळाच्या सात राशी. कारकुनाला हे परवडत होते यात नवल नाही.

आता ज्या गोष्टीला आजची मुले 'आपल्या मनासारखे लग्न' म्हणतात, तिच्याकडे वळू. पुष्कळांचा समज असा, की वधूवरांनी स्वतः काही बोलावे, विधीचा अर्थ त्यांना कळावा, ही कल्पना परदेशातून आली. मराठी माणसाने तरी तसे समजू नये. या कल्पनेचे मूळ पुण्यात आहे, आणि तिला दीडशे वर्षे होऊन गेली.

१८७३ हे साल या दृष्टीने मोठे बोलके आहे. त्या वर्षी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांचा द्वितीय विवाह झाला. वर एकतीस वर्षांचा, विधवाविवाहाचा पुरस्कर्ता. वधू अकरा वर्षांची. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांचे चालले नाही. ती वधू म्हणजे रमाबाई. आपल्या आठवणी त्यांनी १९१० साली प्रसिद्ध केल्या, आणि मराठीतील उत्तम आत्मकथनांत त्यांची गणना होते. त्या संसाराचे पुढे सोने झाले ही गोष्ट निराळी. पण लग्नाच्या दिवशी त्या मुलीला कोणी काही विचारले नव्हते. पणजीच्या वेळचे लग्न हवे असे म्हणताना पणजीचे त्या दिवशी वय काय होते, हे आठवणे बरे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले आणि पैशासाठी म्हाताऱ्याला दिलेल्या मुलीचे दुःख घरोघर पोहोचले. तरी कायद्याने मुलीचे वय निदान चौदा ठरविण्यास १९२९ चा सारडा कायदा यावा लागला.

त्याच १८७३ च्या सप्टेंबरात जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि २५ डिसेंबरला समाजाच्या पद्धतीने पहिले लग्न लागले. सावित्रीबाईंचा त्यात पुढाकार होता. पुरोहित नव्हता, दक्षिणा नव्हती, खर्च अत्यल्प होता. अशा लग्नांना पुढे गावोगाव विरोध झाला, तरी ती थांबली नाहीत. १८८७ साली फुल्यांनी या विधींचे पुस्तक छापले. त्यातील मंगलाष्टकांचे वैशिष्ट्य असे, की ती भटजीने म्हणावयाची नाहीत. वर आणि वधू ती एकमेकांस उद्देशून, आपल्या रोजच्या मराठीत म्हणतात. वधू त्यांत सांगते, की स्त्रियांना स्वातंत्र्याचा अनुभव कधी मिळालाच नाही, आणि तो देण्याची शपथ ती वराकडून मागते. वर ती घेतो. आज कोणी वधूवरांनी स्वतः लिहिलेली वचने वाचून दाखविली तर त्याला नवी चाल म्हणतात. या मजकुरापुढे तिचे नवेपण टिकत नाही. विशेष हे, की हे धाडस शिकल्यासवरल्या सुखवस्तू घरांत झाले नाही. माळी, कुणबी अशा कष्टकरी घरांत झाले, आणि त्यामागे कर्जातून सुटण्याची निकड होती. कमी खर्च आणि स्वतःचे शब्द, या दोन गोष्टी तेथे एकाच गरजेतून जन्मल्या.

हा प्रवाह मग निरनिराळ्या वाटांनी पसरला. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९१५ साली पुरोहितांविषयी कायदा केला. पुरोहिताने परीक्षा द्यावी आणि विधीचा अर्थ यजमानास कळेल अशा भाषेत सांगावा, असा त्याचा हेतू होता. न बोलावताही दक्षिणेवर हक्क सांगण्याची जी वतनी रीत होती, ती मुंबई इलाख्यात १९२६ च्या कायद्याने बंद झाली; त्यासाठी सीताराम केशव बोले झटले. लोणावळ्याच्या धर्मनिर्णय मंडळात रघुनाथशास्त्री कोकजे यांनी शास्त्राच्याच आधारे संस्कार सुटसुटीत केले. १९५६ च्या धर्मांतरानंतर बौद्ध समाजात शुभ्र वस्त्रे, त्रिशरण-पंचशील आणि परस्परांस दिलेली वचने एवढ्यावर लग्ने होऊ लागली. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने मराठी अर्थासह संस्कारांच्या पोथ्या तयार केल्या आणि स्त्रियांनाही पौरोहित्य शिकविले. दुसरीकडे परिस्थितीनेही काटकसर शिकविली. १९४३ पासून शिधापत्रिका आली आणि पंगती आखडल्या. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणात चौदा कॅरटांहून अधिक शुद्धतेचे दागिने घडविण्यास बंदी आली, तेव्हा कित्येक वधू जुन्याच पाटल्या घालून बोहल्यावर चढल्या. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला, आणि सोन्याची जुनी हौस परत आली.

आमच्यासारख्या, घर सोडून दूर चाकरी करणाऱ्या लोकांना मात्र दिल्लीतील दोन लग्ने विशेष आठवावीत. १५ एप्रिल १९४८ रोजी हार्डिंज ॲव्हेन्यूवरील आपल्या सरकारी निवासस्थानी डॉ. आंबेडकरांनी डॉ. शारदा कबीर यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. ते तेव्हा देशाचे कायदेमंत्री होते आणि हिंदू कायद्याच्या संहितेचे काम त्यांच्याकडे होते. निमंत्रित मोजकेच होते. पुढे त्या रस्त्याला टिळकांचे नाव मिळाले. दुसरे लग्न २२ जानेवारी १९५३ चे. चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री, दुर्गाबाई नियोजन मंडळाच्या सदस्या. हाही विवाह नोंदणीचा, आणि साक्षीदार म्हणून पंडित नेहरूंची सही. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर राहिलेल्या, देशाची तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाला थाट करावयाचा असता तर काय अशक्य होते? पण सरकारी बंगल्यात थोड्या माणसांसमोर कागदावर सह्या झाल्या, आणि त्या लग्नाला काही कमी पडले असे कोणी म्हटले नाही.

पुढे १९५४ चा विशेष विवाह कायदा आला. मूळच्या १८७२ च्या कायद्यात 'आम्ही अमुक धर्म मानीत नाही' असे म्हणावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने ती अडचण हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांच्यापुरती गेली. १९५४ साली ती सर्वांसाठीच संपली. या कायद्यातील दोन कलमे बदलीच्या नोकरीतल्या माणसाने लक्षात ठेवण्याजोगी आहेत. वधू किंवा वर यांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात तीस दिवस राहिला असेल, तेथे नोटीस देता येते. म्हणजे मूळ गावी धावण्याचे कारण उरत नाही. आणि विवाह कोणत्याही पद्धतीने करता येतो. अट एवढीच, की विवाह-अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी, दोघांना समजेल अशा भाषेत, एकमेकांचा स्वीकार केल्याचे बोलून दाखवावे. फुल्यांनी जे मंगलाष्टकांत आणले, सयाजीरावांनी जे पुरोहितास करावयास लावले, ते येथे देशाच्या कायद्यात बसले आहे. अंतरपाट धरा, माळा घाला, नाहीतर काहीच करू नका. पण दोघांनी आपल्या तोंडाने बोलले पाहिजे.

हे सारे स्नेह्यांच्या बैठकीत दोन-तीन संध्याकाळी सांगून झाले. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस असे दिसले, की पणजोबांना ते लग्न परवडले, कारण त्यांच्याकडे हात होते. तेच देखावे पैसे देऊन उभे केले की ते दरबाराच्या भावाने मिळतात. बलुतेदारांचे हात परत मागण्याचा अधिकार आपणांस नाही आणि मागूही नयेत. ते सक्तीचे होते. पण परमुलखात मराठी माणसे एकमेकांना जे धरून असतात, ते आपखुशीने. तेवढे भांडवल आमच्याजवळ आहे, हे त्या संध्याकाळी आमच्या ध्यानात आले.

मुलीने कंत्राटदाराचा कागद परत केला. विवाहाची नोटीस रीतसर लागली. वसाहतीतल्या बायकांनी कुरडया घातल्या. त्यांत एक बंगाली आणि दोन तेलुगू घरांच्या बायका होत्या, आणि त्यांच्या कुरडया आमच्यापेक्षा सरळ आल्या. पळस जवळ नव्हता, म्हणून केळीची पाने आली. आहेराची यादी स्नेह्यांनी स्वतः लिहिली, कारण १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे लग्नातील भेटीही ठरावीक मर्यादेपलीकडे सरकारला कळवाव्या लागतात. पणजोबांची यादी शेजारधर्मासाठी होती, ही खात्यासाठी. पण वही तशीच लाल बांधणीची निघाली. घटिकापात्राचे काम एका निवृत्त अभियंत्यांनी अंगावर घेतले. घटिका म्हणजे चोवीस मिनिटे. तेवढ्या वेळात तांब्याची वाटी बुडावी इतके बारीक भोक पाडावयाचे. पहिली वाटी एकोणीस मिनिटांत बुडाली. दुसरी बुडता बुडेना. तिसरी त्यांनी आठ दिवस घंगाळात सोडून, घड्याळ लावून तपासली.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट दोन शेजाऱ्यांनी धरला. मंगलाष्टके झाल्यावर कोणीही पानाकडे वळले नाही. सप्तपदीचा अर्थ मराठीत सांगितला जाईपर्यंत सारे उभे राहिले, आणि विवाह-अधिकाऱ्यांपुढे दोघांनी आपापली वाक्ये स्पष्ट म्हटली. वाटी मुहूर्तानंतर दोन मिनिटांनी बुडाली. अभियंते फार खट्टू झाले. आम्ही त्यांची समजूत घातली, की पेशव्यांच्या जोश्याचीही कधी चूक झाली असेल. फक्त तेव्हा ताडून पाहावयास मनगटी घड्याळ नव्हते.